खाली ठेवा, मी घेते

कडुनिंबाला मोहोर आला की मला अजूनही परीक्षा जवळ आल्यासारखं वाटतं. खरं तर मला आता कुठलीच परीक्षा द्यायची नाही. पंचेचाळिशी उलटली, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि एप्रिल आला की दुसऱ्यांच्या प्रॅक्टिकल परीक्षा घेत फिरते. पण हे कडुनिंबाला कोण समजावणार? सकाळी गच्चीचं दार उघडलं की पायाखाली ती बारीक पांढरट फुलं पसरलेली असतात, कडवट गोड वास नाकात शिरतो आणि मी पुन्हा बावीस-तेवीस वर्षांची होते. तोंडी परीक्षेत नापास झालेली, पुन्हा बसणारी. शहराचं नाव आता मद्रासचं चेन्नई झालंय. उन्हाळा मात्र जुनाच आहे.

माझा तो एप्रिल सत्तरच्या दशकातला. टी. नगरात साड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्याने राहायचो. अप्पा, आई, अप्पांची बहीण कावेरीआत्या आणि मी. अप्पा आणि आत्या तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या घराण्यातले. आई साताऱ्याची. त्यामुळे घरात दोन मराठ्या नांदत होत्या. आत्या "कोठें गेली होतीस?" असं विचारी, तेही तमिळच्या हेलात, आणि आई लगेच "कुठं गं गेली होतीस?" म्हणून तेच पुन्हा विचारी, जणू पहिलं विचारणं धरायचंच नाही. दोघींच्या मधे मी, कुठल्याच भाषेत फारसं न बोलणारी. "नाव शांता ठेवलंत, आता भोगा," असं साताऱ्याचे मामा दर भेटीत म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

मला काय होतं ते तेव्हा मला सांगता येत नव्हतं. आता थोडंफार येतं. वर्गातला पंखा आणि शिकवणाऱ्यांचा आवाज मला वेगळे ऐकू येत नसत, दोन्ही एकाच मापाने कानावर पडत. पोलक्याची शिवण दिवसभर काचायची, म्हणून मी पोलकं उलटं घालून वर पदर घट्ट ओढून घ्यायची. कुणी बोलताना डोळ्यांत बघितलं की त्या माणसाचे शब्द गळून पडायचे आणि नुसते डोळे उरायचे. आणि कुणी अचानक हात लावला की तो हात मला पुढचा तासभर खांद्यावर जाणवत राहायचा. लोक शिष्ट म्हणत. नातेवाईक जरा मायेने 'घुमी' म्हणत. मला दोन्ही चालत होतं, फक्त त्यांनी ते लांबून म्हणावं एवढंच वाटे.

तरी विद्यापीठात मी तग धरून होते, ती माझ्या छोट्या छोट्या युक्त्यांवर. वर्गात भिंतीला लागून कडेची जागा, म्हणजे एका बाजूने तरी कुणी येणार नाही. डब्यात रोज दहीभात, म्हणजे जेवणात तरी काही नवं घडणार नाही. संध्याकाळी बस टी. नगरच्या गर्दीत शिरण्याआधीच उतरून उरलेलं अंतर पायी. आणि मधल्या सुट्टीत वाळवलेल्या वनस्पतींची खोली. तिथे कपाटांतून जुन्या कागदांवर शिवलेली पानंफुलं होती, डांबरगोळ्यांचा वास होता आणि माणसं नव्हती. मी तिथे बसून फुलांची चित्रं काढायची. फूल कापून त्याच्या आतलं सगळं कागदावर मांडायचं, हे मला जेवणाइतकं सोपं होतं.

माझी एकुलती एक मैत्रीण सेल्वी, माझ्या एक वर्ष मागची. ती मद्रासजवळच्या कोवलमहून यायची, मच्छीमारांच्या वस्तीतून, पहाटेची बस धरून. तिच्या घरातली कॉलेजात गेलेली ती पहिलीच. ती अखंड बोलायची आणि उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही, त्यामुळे आमचं छान जमलं. "तू चित्र काढ, मी वाचते," असं ठरलेलं. ती पुस्तक मोठ्याने वाचायची, मी तेवढं कागदावर उतरवायची. परीक्षेच्या आधी माझी चित्रं तिच्या घरी जायची आणि परत येताना त्यांना किंचित सुक्या मासळीचा वास यायचा. हे आईला कळू न देण्याची जबाबदारी आत्याने आपणहून घेतली होती.

पहिल्या खेपेची तोंडी परीक्षा मात्र युक्त्यांच्या पलीकडची निघाली. एमएस्सीच्या शेवटी बाहेरगावचे परीक्षक येत. टेबलापलीकडून ते एक फूल हातात देणार, त्याचं कूळ ओळखायचं, ते उकलून दाखवायचं आणि विचारतील ते सांगायचं. त्या दिवशीच्या परीक्षकांनी रुईचं फूल माझ्या तळहातावर ठेवून वर आपली बोटं दाबली. रुईचा चीक हाताला लागला. चिकट, गार, आणि त्यावर परक्या बोटांचा दाब. मी हात झटकला, फूल जमिनीवर पडलं. "इकडे बघ. माझ्याकडे बघून बोल," ते म्हणाले. रागावलेही नव्हते फारसे. मी बघितलं आणि संपलं. रुईबद्दल मला जे जे माहीत होतं ते सगळं डोक्यात उभं होतं, तोंडापर्यंत एकही शब्द येत नव्हता. लेखी परीक्षेत पहिल्या वर्गाचे गुण आणि तोंडीत नापास. वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी जानेवारीत अप्पा एकदा गच्चीवर माझ्या शेजारी, बरंच अंतर ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या वेळीं झालें नाहीं तर सोडून दे, शांते. जिवाला एवढें लावून घेऊं नको." ते मायेनेच बोलले, आणि म्हणूनच मला धडकी भरली. फुलांखेरीज मला जगात दुसरं काही येत नव्हतं. ती डांबरगोळ्यांची खोली गेली तर मी बसायचं कुठे?

आता कावेरीआत्याचं सोवळं सांगायला हवं. सोवळ्याला आमच्या घरात तमिळ शेजाऱ्यांसारखंच 'मडी' म्हणत. आत्या लहानपणीच विधवा झाली, नंतर शिकली, आणि एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. सकाळी दहापर्यंत देवाची, दहानंतर सरकारची, असं आई म्हणायची. उंच वळणीवर काठीने वाळत घातलेलं लुगडं काठीनेच काढायचं, नेसायचं, स्वयंपाक-पूजा उरकायची, आणि तोवर तिला कुणी शिवायचं नाही. काही द्यायचं असलं तर जमिनीवर ठेवायचं आणि मागे सरायचं. पलीकडच्या घरातल्या तमिळ बाई, सगळ्या गल्लीच्या मामी, रोज सकाळी फुलं घेऊन यायच्या. आत्या आतूनच म्हणायची, "कीळ वैंगो मामी, नान एडुत्तुक्करेन." खाली ठेवा मामी, मी घेते. हे वाक्य माझ्या लहानपणापासून दररोज कानावर पडलेलं. दहा वाजता तीच आत्या पाचवारी नेसून, दोन्ही हातांनी गर्दी सारत बसमध्ये चढायची.

आईला सोवळं अजिबात पसंत नव्हतं. "जगात माणूस चंद्रावर गेला, आणि आमच्याकडं वळणीला हात लावायची चोरी," असं ती भांड्यांना ऐकवायची. आईचं बरोबर होतं. पण मी चोरून आत्याचा हेवा करायची. घरभर माणसं, बाहेर दुकानांचा गोंगाट, आणि मधोमध ही बाई एका न दिसणाऱ्या कुंपणात निवांत. तिला कुणी कारण विचारत नव्हतं. तिच्या अंगावर कुणी ओणवं होत नव्हतं. 'मडीत आहे' म्हटलं की संपलं.

त्या फेब्रुवारीत एका सकाळी पाहुणे आले आणि 'यंदा तरी तोंड उघड गं' म्हणत एकेकाने पाठीवर थाप मारायला सुरुवात केली, तेव्हा मी पुस्तक घेऊन वळणीखाली जाऊन बसले. तिथे कुणी येत नाही एवढंच मला माहीत होतं. आत्या हातात काठी घेऊन आली. मला बघून थांबली. ती रागावणार असं वाटलं.

"इथें बरें वाटतें?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"सरि, बरें. मग आजपासून तूं मडींत," आत्या म्हणाली. "अभ्यासाची मडी. परीक्षा होईपर्यंत तुज कोण्ही शिवायचें नाहीं, कोण्ही विचारायचें नाहीं."

"अहो वन्सं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एमएस्सीची मुलगी आहे ती. काय भलतंच शिकवताय?"

"तुला ती पास व्हायला हवी ना?"

"हवीच की."

"मग ताट खालीं ठेव आणि माघारी सर."

आई ताट घेऊन दारात आली. मग तिने ते खाली ठेवलं आणि मागे सरली. 'हिचं असं काय आहे' हे लोकांना समजावण्यात माझं सगळं बालपण गेलं होतं आणि कुणालाच ते समजलं नव्हतं. इथे काही समजावायचंच नव्हतं. रिवाज घरात आधीपासून होता, आत्याने फक्त त्यात मला थोडं सरकून जागा करून दिली.

गंमत झाली ती मामींची. मी कोपऱ्यात न बोलता बसते, कुणाला शिवत नाही, जेवण खाली ठेवलेलं घेते, हे बघून त्यांनी ठरवलं की मी काहीतरी कडक व्रत धरलंय. गल्लीत बोलबाला झाला. दोन-तीन बायका सकाळी मोगऱ्याचे गजरे माझ्यासमोर ठेवून लांबून नमस्कार करून जाऊ लागल्या. एकीने तर मुलाला नोकरी लागेल का असं हळूच विचारलं. मी त्या वेळी बाभळीचं कूळ पाठ करत होते, ओठ हलत होते, आणि तिला वाटलं मी मंत्र म्हणते आहे. दुर्दैवाने तिच्या मुलाला पुढच्याच महिन्यात नोकरी लागली. आई पदर तोंडात धरून हसत सुटली, आणि त्या दिवसानंतर ताट ठेवताना तिची कुरकुर थांबली.

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत निवांत. नळाला पाणी येत नव्हतं, बायका रांगेत भांडत होत्या, दुपारी भिंती तापलेल्या असत, आणि मी वळणीखालच्या सावलीत फुलं उकलत होते. दुपार कलायला लागली की समुद्राकडून वारा यायचा. आधी वरचं ओलं लुगडं हलायचं, मग माझे कागद. आत्या कचेरीतून येताना कधी पूवरसूचं, म्हणजे पारोशा पिंपळाचं, फूल आणायची, कधी शेवग्याचा तुरा, आणि फरशीवर ठेवून मागे सरायची. विचारायची काहीच नाही. मी फुलाकडे बघत आपणहून बोलू लागायचे. ह्याला पाकळ्या किती, केसर कुठून निघतात, बी कसं बसतं. आत्या लांब खांबाला टेकून ऐकायची. तिला त्यातलं काडीचं कळत नव्हतं. पण माझा आवाज असा लागतो हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

परीक्षेच्या दिवशी आत्याची मडी बरोबर नेता येणार नव्हती. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो, माझ्यामागून सेल्वीचा क्रमांक. दार उघडं होतं. आत आमचे प्राध्यापक आणि बाहेरचे परीक्षक, ह्या वेळी दुसरे, म्हातारे, कपाळाला विभूती. मी समोर जाऊन बसले. पंखा होता, ट्यूबलाइट होती, खिडकीत कडुनिंब होता. त्यांनी शेवग्याचं फूल उचललं आणि माझ्या दिशेने हात पुढे केला. हात, बोटं, फूल. गेल्या वर्षीचा तो चीक मला तळहातावर जाणवला. मी इंग्रजीत काही म्हणायचा प्रयत्न केला, ते आलं नाही. जे आलं ते असं:

"कीळ वैंगो. नान एडुत्तुक्करेन."

आमच्या प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. विद्यापीठाच्या परीक्षकांना कुणी 'खाली ठेवा, मी घेते' म्हणत नाही. पण त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा हात हवेतच थांबला, आणि चेहऱ्यावर काहीतरी फार जुनं येऊन गेलं. त्यांच्या आईने, आजीने हे वाक्य त्यांना हजारदा म्हटलं असणार. "मडिया? सरि, सरि," ते पुटपुटले. सोवळं का? बरं, बरं. त्यांनी फूल पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवलं, खुर्ची मागे ओढली आणि सोवळ्यातल्या बाईसमोर घरातले पुरुष करतात तशी नजर खिडकीकडे वळवली. त्यांचा सपशेल गैरसमज झाला होता. मी काही सोवळी वगैरे नव्हते, माझ्या पदराला अजून बसचा धूर होता.

मग मी बोलले. फुलाकडे बघून. शेवग्यात पाच पुंकेसर परागकण देतात आणि त्यांच्या मधे पाच वांझ असतात, नुसते उभे, तरी फूल त्यांना काढून टाकत नाही, हे मी सुईच्या टोकाने एकेक उचलून दाखवलं. ते खिडकीकडे बघत विचारत गेले, मी फरशीकडे बघत सांगत गेले. शेवटी ते आमच्या प्राध्यापकांना म्हणाले, "ही गेल्या वर्षी नापास कशी झाली?"

आपली परीक्षा देऊन सेल्वी बाहेर आली ती गप्प. रस्ता ओलांडून समुद्राच्या बाजूच्या कठड्यापाशी आलो तरी गप्प. सेल्वी गप्प म्हणजे काहीतरी बिघडलंय हे मलासुद्धा कळलं. पण काय ते कळेना, म्हणून मी विचारलं, "काय झालं?"

"माझ्या आईला पण असंच सांगतात," सेल्वी म्हणाली. "टोपली घेऊन जाताना तहान लागली, एखाद्या पायरीवर पाणी मागितलं की. खाली ठेव तांब्या, लांब हो. वरून पाणी ओततात. आज तू तेच बोललीस, आणि ते खूश झाले."

मी हा विचार कधीच केला नव्हता. आमच्या घरात कुणीच केला नव्हता, एक आई सोडली तर. ज्या कुंपणात मी निवांत बसले होते त्याच्या बाहेर कोण उभं आहे हे मला दिसलंच नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझे शब्द जातात. सेल्वीला ते ठाऊक होतं. ती कठड्यावर बसून वाट बघत राहिली. वाळूतून गरम वाफ येत होती, पण वारा सुटला होता.

"लांब मला व्हायचं असतं," मी शेवटी म्हणाले. "तू लांब व्हावं म्हणून नाही. मला हात सहन होत नाहीत. कुणाचेच. आईचेसुद्धा."

"मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली. "नुसतं 'खाली ठेवा' म्हटलं की माणसाला वाटतं आपल्यातच खोट आहे."

मग तिने ताडगोळेवाल्याला हाक मारली. सोललेले ताडगोळे पानात घेतले, आमच्या दोघींच्या मधल्या कठड्यावर ठेवले, आणि हात मागे घेतला. "घे," म्हणाली, आणि पुन्हा बोलू लागली, ते थेट बस येईपर्यंत. ते ताडगोळे मी एकेक करून खाल्ले. इतकं गार, इतकं गोड त्या उन्हाळ्यात काही खाल्लं नव्हतं.

मी पास झाले. सेल्वीही झाली. ती आता कोवलमजवळच एका शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि अजूनही उत्तराची वाट न बघता बोलते. कावेरीआत्या गेली त्याला काही वर्षं झाली. सेल्वीचं बोलणं मी तिला सांगितलं होतं. त्यानंतर दारात पाणी मागायला येणाऱ्याला तिने तांब्या हातात द्यायला सुरुवात केली, सोवळ्यात असताना सुद्धा. नंतर पुन्हा आंघोळ करायची, पाणीटंचाई असली तरी. आईने ह्यावर पुष्कळ टोमणे मारले. मला मात्र शेवटपर्यंत आत्याने सगळं खालीच ठेवून दिलं. तिच्या आजारपणात मी औषध घेऊन गेले की म्हणायची, "ठेव, शांते, मी घेतें," आणि आम्ही दोघी हसायचो. तिच्याइतकं जवळ मला कुणी घेतलेलं नाही.

माझ्या त्या सगळ्याला एक नाव आहे हे मला अलीकडे कळलं. मानसशास्त्र शिकणाऱ्या भाचीच्या, मामेभावाच्या मुलीच्या, पुस्तकात 'ऑटिझम' असं एक प्रकरण होतं. वाचता वाचता मी उभीच राहिले. सगळं लहान मुलांबद्दल होतं. ती मुलं मोठी होतात, बसने विद्यापीठात जातात, त्यांना तोंडी परीक्षा असते, ह्याबद्दल अवाक्षर नव्हतं. मराठीत त्याला 'स्वमग्न' म्हणतात असं भाची म्हणाली. हा शब्द ज्याने काढला त्याने आम्हाला विचारलेलं दिसत नाही. मी स्वतःत कधी मग्न नव्हते. मी पंख्यात, शिवणीत, लोकांच्या डोळ्यांत, शेवग्याच्या केसरांत होते, स्वतःसाठी जागाच उरत नव्हती. पण नाव मिळालं ह्याचा आनंद झाला, ते मी नाकारणार नाही. फुलाचं कूळ कळलं की त्याच्याशी वागणं सोपं जातं.

परवा श्रीपेरुंबुदूरच्या बाजूच्या एका कॉलेजात परीक्षा घ्यायला गेले होते. तिकडे आता मोटारींचे कारखाने उभे राहतायत, पाळीच्या कामगारांना नेणाऱ्या कंपनीच्या बसगाड्या सारख्या धावत असतात. प्रयोगशाळेच्या खिडकीत मात्र आपला कडुनिंबच. मी परीक्षा घ्यायला बसले की प्रत्येक विद्यार्थ्यासमोर फूल फरशीच्या तुकड्यावर ठेवते आणि न चुकता सांगते, "मला हातातून हातात देता-घेता येत नाही, म्हणून खाली ठेवते. तुमच्यामुळे नाही." मुलं हसतात, मान डोलावतात. काहींना म्हातारी सोवळी वाटते, तो गैरसमज मी तिथल्या तिथे दूर करते. मग खुर्ची मागे ओढते आणि खिडकीबाहेर बघते.

दुपारी एक मुलगी आली. पदर घट्ट ओढलेला, हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतवलेले, नजर टेबलाच्या कडेवर. तिच्या प्राध्यापकांनी आधीच माझ्या कानात सांगितलं होतं, हुशार आहे पण तोंड उघडत नाही. मी फूल ठेवलं. माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. खुर्ची मागे घेतली आणि कडुनिंबाकडे बघत बसले. कारखान्याची एक बस गेली, मग दुसरी. वारा सुटला आणि थोडी फुलं खिडकीतून आत टेबलावर पडली. मी वळून बघितलं नाही.

"मलाही," फुलाकडे बघत ती म्हणाली, आणि तिने सुई उचलली.